क्रूसांची खोली

दुपट्याच्या तीन कडा मारून झाल्या आहेत, चौथी राहिली आहे. मशीनची सुई कापडात रुतलेली तशीच आहे आणि मी तिच्या बाजूलाच वही उघडून बसले आहे. जुन्या चादरीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड आहे. नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतं. चौथी कड का राहिली ते ओघाने येईल. आधी आमच्या वन्संबद्दल लिहायचं आहे, कारण कालपासून चर्चच्या पायऱ्यांवर जो तो त्यांच्याबद्दल बोलतो आहे आणि बोलणाऱ्यांपैकी एकालाही त्या ठाऊक नाहीत. मला ठाऊक आहेत. एका ओट्यापाशी आम्ही दोघींनी अर्धं आयुष्य काढलं आहे.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. नन व्हायचं होतं, पण वडील अचानक गेले आणि घर अंगावर पडलं, ते राहूनच गेलं. आवाज असा, की खालच्या मजल्यावर हाक मारली तर शेजारच्या इमारतीतले लोक खिडकीत येतात. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, पण जीभ अजून चालती-फिरती आहे. त्या म्हणतात, "हिला मठात जायचं होतं. देवाने हिचा आवाज ऐकला आणि त्याला बिचाऱ्या ननांची दया आली."

मठ हुकला, म्हणून नर्स झाल्या. सरकारी इस्पितळात प्रसूतिगृहातच सगळी नोकरी गेली. तिथे त्यांची एक सवय होती. मूल बाहेर आलं, की आईकडे द्यायच्या आधी त्याच्या कानाशी वाकून, त्यातल्या त्यात हळू आवाजात म्हणायच्या, "ये बाबा, तुझीच वाट बघत होतो." मुलगा असो, मुलगी असो, "ये बाबा"च. कोणाच्या घरी वाट बघत असोत वा नसोत. सातवी मुलगी झालेल्या घरातल्या मुलीलाही हेच. एकदा मी विचारलं, "वन्सं, त्याला काय कळणार?" तर म्हणाल्या, "त्याला नाही गं. खोलीतल्या बाकीच्यांना कळावं म्हणून म्हणते."

आणि एखादं बाळ जगणार नाही असं दिसलं, आईबाप आपल्या धर्माचे असले, त्यांची इच्छा असली आणि फादर वेळेवर पोचण्यासारखे नसले, तर वन्सं स्वतः त्याच्या कपाळावर पाणी ओतून बाप्तिस्मा द्यायच्या. चर्चची तशी परवानगी असते. नव्या नर्सिंगच्या मुलींना त्या दटावून सांगायच्या, "श्वास चालू असेपर्यंत. श्वास थांबल्यावर नाही. मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, लक्षात ठेवा." हे वाक्य त्यांनी किती जणींना शिकवलं असेल.

मग तो कायदा झाला, गर्भपाताला मोकळीक देणारा. मी इथे आडपडदा ठेवत नाही. पोटातलं मूल हे मूलच असतं आणि ते मारणं हे मारणंच असतं. सभागृहात हात वर झाले म्हणून पापाचं पुण्य होत नाही. वर्तमानपत्रांनी त्याला 'सेवा' म्हटलं. मी हे तेव्हाही ह्याच वहीत लिहिलं आहे आणि आज इतकं सगळं होऊनही त्यातली एक ओळ खोडावीशी वाटत नाही. पुढचं वाचून कोणाला वाटेल की माझं मन बदललं, म्हणून आधीच सांगितलं.

इस्पितळात प्रसूतिगृहाला लागूनच नवा वॉर्ड उघडला. बाजूच्या गल्लीत त्याचं वेगळं दार. वन्संनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, मी ह्यात हात घालणार नाही. कायद्यात तशी सूट होती, कोणावर सक्ती नाही. पण सूट कागदावर असते आणि ड्यूटी बायकांमध्ये वाटायची असते. त्यांच्याबरोबर शिकलेली एक सिस्टर होती, बुटकी, सगळे तिला 'बटण' म्हणायचे. तिचा देवाशी फारसा व्यवहार नव्हता. वन्संच्या वाट्याचं काम तिच्यावर आलं. तिने भर जेवणाच्या टेबलावर सुनावलं, "वा! देव तुझा आणि ड्यूटी माझी?"

घरी येऊन वन्सं म्हणाल्या, "बटण खोटं बोलली असती तर मी भांडले असते."

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तोड काढली. वन्संना प्रसूतिगृहातून उचललं आणि हत्यारं उकळायच्या खोलीत टाकलं. तिथे कात्र्या, चिमटे, सगळं धुऊन, पुसून, एकेका कामाचा सेट करून, जाड हिरव्या कापडात गुंडाळून, वर फीत बांधून वाफेच्या यंत्रात ठेवायचं. बाळाचं तोंड दिसत नाही अशी खोली. मी म्हटलं, "चला, सुटलात एकदाच्या." पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांना कळलं, की त्या बांधतात त्यातला एक सेट त्याच वॉर्डात जातो.

मग त्या फादरांकडे गेल्या. मी बरोबर होते. आमचे फादर सज्जन आहेत. इतके सज्जन, की त्यांच्याकडून उत्तर घेऊन निघालेला माणूस दारापर्यंत येतो आणि त्याच्या लक्षात येतं की हातात काहीच नाही. त्यांनी समजावलं, सहभाग दोन प्रकारचा असतो, जवळचा आणि दूरचा. हत्यार उकळणं हा दूरचा.

वन्सं म्हणाल्या, "फादर, दूर म्हणजे किती हातांवर? मी बांधते, आया नेते, बटण सोडते, डॉक्टरीण धरते. चौथ्या हातावर पाप आहे आणि पहिल्यावर नाही का?"

फादर चष्मा पुसायला लागले. "तुमचं मन काय म्हणतं, बाई?"

"मन म्हणतं फादरांना विचार," वन्सं म्हणाल्या. "म्हणून तर आले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तो सेट मी बांधणार नाही. डॉक्टरीणबाई काही राक्षसीण नव्हत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "सिस्टर, आपोआप मूल पडून रक्त जात असलेली बाई येते, तिच्यासाठीही हाच सेट लागतो. तिला काय सांगू? आमच्या सिस्टरांचा उपास आहे?"

ह्यावर वन्सं रात्रभर कूस बदलत राहिल्या आणि सकाळी डोक्यात एक युक्ती घेऊन गेल्या. सेट तेच, पण फिती दोन. रक्तस्रावाच्या बाईसाठी निळी फीत, ती त्या बांधणार. पांढरी फीत त्यांच्या हातची नाही, ती ज्याने त्याने बांधून घ्यावी. निळी सुटेल ती फक्त निळ्याच कामाला. डॉक्टरीणबाई हसल्या, मान हलवली आणि चालू दिलं. पांढऱ्या फिती अर्थातच बटणच्या गळ्यात. ती म्हणायची, "तुझ्या स्वर्गाची शिडी मी धरून उभी आहे, वर गेल्यावर खाली दोर टाक म्हणजे झालं." पण दोन वर्षं तिने फितींची कधी अदलाबदल केली नाही. इस्पितळात निळ्या फितीची सगळ्यांना सवय झाली.

मग नवे व्यवस्थापक आले. त्यांना दोन रंगांचं कारण कळलं आणि ते म्हणाले, इथे इस्पितळ आहे, देऊळ-चर्च नाही. एक रंग. बांधायचं तर सगळं बांधा. वन्संनी राजीनामा दिला. सुंठेवाचून खोकला गेला, म्हणून वरचे लोक खूश. पेन्शनचं सासूबाईंनी विचारलं तर वन्सं म्हणाल्या, "आई, तू पालकाची जुडी निवड." विषय संपला.

इथून पुढे आमच्या लोकांची पाळी.

आमच्या चर्चमध्ये गर्भरक्षण मंडळ आहे. अध्यक्षबाई चष्म्याच्या दुकानवाल्यांच्या पत्नी. बोलणं गोड, बांगड्या जड. मंडळ दर शनिवारी इस्पितळाच्या त्या बाजूच्या दारासमोर गुडघे टेकून, जपमाळ धरून रोझरी म्हणतं. आणि वर्षातून एकदा चर्चच्या हिरवळीवर लाकडाचे लहान लहान पांढरे क्रूस रोवतात, न जन्मलेल्या बाळांच्या आठवणीसाठी. ओळीने, दोरी लावून. लांबून हिरवळीवर बर्फ पडल्यासारखं दिसतं. पहिल्या वर्षी ते बघून मी रडले होते. ते खोटं रडणं नव्हतं.

वन्संनी नोकरी सोडली तसं मंडळाने त्यांना वेदीसमोर उभं केलं, टाळ्या वाजवल्या आणि मरिया मातेची मोठी फ्रेम दिली. खाली पितळेची पट्टी, 'जीवनाची साक्षीदार'. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही आमच्या मंडळाचं नाक आहात."

घरी येऊन सासूबाईंनी फ्रेम निरखली. "नाक म्हणाली का? म्हणजे शिंक आली की पुसायचं."

वन्सं मंडळाबरोबर दारासमोर उभ्या राहायला लागल्या. पण त्यांना गुडघे टेकून डोळे मिटता येईनात. आयुष्यभर आत येणाऱ्या बाईचा चेहरा बघायची सवय. त्या उघड्या डोळ्यांनी रोझरी म्हणायच्या. अशाच एका शनिवारी ती पोरगी आली.

चर्चच्या समोरच्या बेकरीत गल्ल्यापलीकडे उभी असते, पाव कागदात बांधून देते, ती. बारीक अंगाची, आम्ही तिला 'चिमणी' म्हणतो. मागेपुढे कोणी नाही, आणि ज्याचं मूल त्याने पळ काढलेला. ती दाराकडे निघाली तशी मंडळाची प्रार्थना मोठी झाली. कोणीतरी बाहुलीएवढं प्लास्टिकचं बाळ वर धरलं. चिमणी जागच्या जागी थिजली. वन्सं उठल्या, गुडघ्याची माती झटकली आणि तिच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "काही खाल्लंस का सकाळपासून?"

एवढंच. ती पोरगी तिथेच हमसाहमशी रडली. दोघी रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर बसल्या. वन्संनी तिला डबा दिला, माझ्याच हातचा. तिने खाल्ला आणि म्हणाली, "मला काही हौस नाही हो आत जायची. मूल होऊ देईन मी. पण राहू कुठे? मालकाने बेकरीच्या माळ्यावर झोपायला जागा दिलीय, उभ्या शिडीचा माळा आहे. पोट आल्यावर चढू कशी? आणि बाळ झाल्यावर तो ठेवणार थोडीच?"

"राहायचं मी बघते," वन्सं म्हणाल्या. "तू फक्त आत जाऊ नकोस."

वन्संच्या आयुष्यात मी त्यांना शब्द देताना क्वचितच पाहिलं आहे. नर्सला सवय नसते, 'बघू' म्हणायची सवय असते. पण हा शब्द त्यांनी दिला.

आम्ही तिला आधी घरीच आणली. आमच्या दोन खोल्या, एकीत सासूबाई, दुसरीत आम्ही उरलेले. चिमणी स्वयंपाकघरात झोपली. सासूबाईंना तिचा लळा लागला, तिला दिवसभर कोणाकोणाच्या कागाळ्या सांगायच्या. पण बेकरीची भट्टी उजाडायच्या आत पेटते आणि आमचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. पहिली बस मिळेपर्यंत पाव भाजून झालेले असतात. मालक म्हणाला, माळ्यावर राहायचं असेल तर काम, नाहीतर दुसरी बघतो. काम गेलं तर तिच्याकडे काही उरलं नसतं. ती परत माळ्यावर गेली.

आता चर्चच्या हॉलमागे एक खोली आहे. तळमजल्याची, खिडकी असलेली, बाजूला नळ. बेकरीपासून रस्ता ओलांडला की खोली. वन्सं अध्यक्षबाईंकडे गेल्या. ह्यावेळीही मी बरोबर होते, म्हणून जे लिहिते ते कानांनी ऐकलेलं लिहिते.

अध्यक्षबाईंनी बसायला सांगितलं, चहा मागवला, चिमणीची चौकशी केली. "किती मोठं काम केलंत! एक जीव वाचवलात!"

"अजून वाचलेला नाही," वन्सं म्हणाल्या. "हॉलमागची खोली द्या. बाळ होईपर्यंत आणि नंतर थोडे दिवस."

अध्यक्षबाईंनी कप खाली ठेवला. "खोली? त्या खोलीत आपले क्रूस असतात ना."

"क्रूस आमच्या घरी आणून ठेवते. पलंगाखाली जागा आहे."

"तसं नाही हो. बॅनर असतात, स्पीकर असतो. आणि हे बघा, मी अगदी मोकळ्या मनाची आहे. पण हॉलमध्ये रविवारी धर्मशिक्षणाला वयात आलेल्या मुली येतात. लग्नाआधीचं पोट घेऊन ती तिथे दोरीवर कपडे वाळत घालणार. मुलींनी काय धडा घ्यायचा?"

"की पोट आलं तरी आपली माणसं दार लावून घेत नाहीत," वन्सं म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीचा, म्हणजे आतल्या खोलीतल्या चष्मेवाल्यांनीही ऐकला असणार.

"मी समितीपुढे ठेवते," अध्यक्षबाई म्हणाल्या.

समितीपुढे विषय गेला, समितीने फादरांकडे टोलवला, फादर म्हणाले मंडळाने ठरवावं. वन्सं तिघांच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. कोणी 'नाही' म्हटलं नाही. 'नाही' म्हटलं असतं तर त्यांनी दुसरीकडे दार ठोठावलं असतं. पुढच्या बैठकीत बघू, पुढच्या बैठकीत बघू, करता करता चिमणीला सहावा महिना लागला. ती माळ्यावर चढत होती, उतरत होती. वन्सं रोज संध्याकाळी जाऊन शिडी खालून धरायच्या. मी दुपटी शिवायला घेतली. क्रूस खोलीत कोरडे, सुरक्षित होते.

परवा शनिवारी, मी ही चौथी कड मारायला घेतली आणि बेकरीतून फोन आला. चिमणीला रक्त जायला लागलं होतं. वन्सं मिळेल त्या रिक्षाने गेल्या आणि तिला घेऊन इस्पितळात पोचल्या. मी मागून दुसऱ्या रिक्षाने. रक्तस्रावाच्या बायकांनाही बाजूच्याच दाराने नेतात, ते जवळचं. आणि दारासमोर मंडळ गुडघ्यांवर होतं.

मी पोचले तेव्हाचं सांगते. चिमणीचा सगळा भार वन्संच्या खांद्यावर, वन्संच्या साडीला रक्त. समोर आमच्याच चर्चच्या बायका. त्यांनी पाहिलं काय? मंडळाचं नाक, एका पोटुशा पोरीला धरून त्या दाराने आत नेतं आहे. त्यांनी कधी आत पाऊल ठेवलेलं नाही. त्या दारामागे मुलं वाचवायलाही बायका जातात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. त्या एकीला एक खेटून दारापुढे सरकल्या आणि प्रार्थना मोठ्याने सुरू झाली. अध्यक्षबाई किंचाळल्या, "सिस्टर! तुम्हीसुद्धा?"

"सरका," वन्सं म्हणाल्या. "बाई, सरका, पोरीला रक्त जातंय."

"देवाला काय सांगाल?"

त्या क्षणी दार आतून उघडलं आणि बटण बाहेर आली. बुटकी, पण कोपर कुठे मारायचं ते तिला बरोबर ठाऊक आहे. तिने दोघी-तिघींना बाजूला केलं आणि चिमणीला आत ओढलं.

बाळ आधीच गेलेलं होतं. हे मला वन्संनी नंतर दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. "दारात अडलो म्हणून गेलं असं लिहू नकोस. खोटं होईल. शिडीमुळे गेलं असंही म्हणणार नाही, मी नर्स आहे. महालात झोपणाऱ्या बायकांचीही जातात. पण ते गेलं तेव्हा त्याच्या आईला आडवं व्हायला एक धड जागा नव्हती, एवढं लिही."

मी एवढंच लिहिते.

बटणने वन्संना आत येऊ दिलं. नियमात बसत नव्हतं. तिने कपाटातून सेट काढला आणि त्याच्यावर निळी फीत होती. वन्सं बघतच राहिल्या. व्यवस्थापकांनी रंग बंद करून वर्ष उलटलं होतं.

"मी बांधते," बटण म्हणाली. "त्या टकल्याला काय कळतंय. निळी दिसली की आतल्या पोरींना कळतं, घाई आहे, बाई जगवायची आहे. सोय आहे म्हणून बांधते, तुझ्यासाठी नाही. उगाच डोळ्यांत पाणी आणू नकोस, हात धू."

बाळ आलं. मुलगा. वन्संच्या तळहाताएवढा. त्यांनी सवयीने वाटीत पाणी घेतलं आणि मग वाटी खाली ठेवली. श्वास नव्हता. त्यांनीच शिकवलेलं. त्या वाकल्या आणि "ये बाबा" म्हणाल्या आणि थांबल्या.

मी रात्री विचारलं, पुढचं का नाही म्हणालात? नेहमीसारखं?

"कोण बघत होतं वाट?" वन्सं म्हणाल्या. "त्याच्या तोंडावर खोटं कशाला बोलू?"

काल रविवार. मिस्सेला आम्ही गेलो, वन्सं नेहमीच्या बाकावर बसल्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या दोघी उठून मागे गेल्या. शांतिदानाच्या वेळी, शेजाऱ्यापाजाऱ्याला हात द्यायचा असतो तेव्हा, पुढच्या बाकावरची मान वळलीच नाही. मिस्सा संपल्यावर मी पायऱ्यांवर अध्यक्षबाईंना गाठलं आणि खरं काय झालं ते सगळ्यांसमोर सांगितलं. मग एक म्हणाली, "आम्हाला काय माहीत?" दुसरी म्हणाली, "पण दिसतं तसं दिसतं ना." अध्यक्षबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि म्हणाल्या, "देवाची मर्जी. निदान पाप तरी टळलं."

फादर मात्र लगेच तयार झाले, ह्याबद्दल त्यांचे उपकार. बाप्तिस्मा नसला तरी स्मशानभूमीच्या भिंतीकडेला जागा देतो, प्रार्थनाही करतो, उद्या दुपारी. चिमणी इस्पितळातून सुटेल, तिला आणता येईल. नाव तिने ठेवलं आहे. ते तिचं आहे, मी इथे लिहीत नाही.

वन्संनी मंडळाकडे एकच गोष्ट मागितली. माझ्यासमोर, हॉलच्या दारात. त्या म्हणाल्या, "खोलीतला एक क्रूस द्या. पोराच्या डोक्याशी लावायला."

अध्यक्षबाई गोंधळल्या. हे त्यांना खरंच अनपेक्षित होतं. "त्यातला? पण ते सेट आहेत हो, ओळीला बरोबर बसतात. पुढच्या महिन्यात हिरवळीवर लावायचेत. एक कमी झाला तर मधेच भोक दिसेल."

"दिसू द्या की," वन्सं म्हणाल्या.

"आणि ते... ते प्रतीकात्मक आहेत, सिस्टर. प्रत्यक्ष पुरायला नाहीत."

दार उघडं होतं. आत भिंतीशी रचून ठेवलेले क्रूस दिसत होते, वर प्लास्टिक घातलेलं, धूळ बसू नये म्हणून. खिडकीतून ऊन आलं होतं. खरंच चांगली खोली आहे. एक खाट सहज मावली असती, आणि पाळणा.

वन्संचा आवाज चढेल म्हणून मी वाट बघत होते. चढला नाही. त्या म्हणाल्या, "बरं," आणि निघाल्या. इतक्या वर्षांत त्यांचं इतकं हळू बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.

घरी आल्यावर त्यांनी ती फ्रेम भिंतीवरून काढली. परत नेऊन द्यायची म्हणाल्या. सासूबाई पलंगावरून ओरडल्या, "खबरदार! मरिया मातेने तुझं काय वाकडं केलंय? तिला तरी बाळंतपणाला कुठे मिळाली होती खोली?"

हे म्हणाले, "ताई, आई बरोबर बोलतेय." मग वन्संनी भाजी चिरायची सुरी घेतली, पितळेची पट्टी उचकटून काढली आणि फ्रेम पुन्हा खिळ्याला लावली. पट्टी कचऱ्याच्या डब्यात आहे. सुरीचं टोक वाकलं.

पुढच्या शनिवारी मंडळाबरोबर उभ्या राहणार का, असं ह्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "दारासमोर उभी राहीन. मंडळाबरोबर नाही. थोडी बाजूला. डबा घेऊन." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोन डबे कर. बटणची शनिवारची ड्यूटी असते."

आता चौथी कड मारते. दुपटं लहान करावं लागेल, अर्ध्याहून लहान, पण तीन कडांचं तसंच नाही देता येणार.

उद्या सकाळची मिस्सा झाली की सुताराकडे जायचं आहे, एक लहान क्रूस करून घ्यायला. पांढरा रंग नको म्हणून सांगायचं.